बॅनरवरचा सुटलेला केस

२०१८ साल. मी साठ वर्षांचा. शाळेच्या दाखल्यावर अठ्ठावन्न. पण दाखला लिहिणाऱ्या मास्तरानं माझ्या बापाला न विचारता अंदाजानं आकडा टाकला होता, त्यावर मी भरवसा ठेवत नाही. मागं मी मेंढरामागचं लेकरपण लिहिलं, वसमतला पाट्या लिहिणाऱ्या करीम उस्तादाच्या हाताखाली काढलेली वर्षं लिहिली. वाचणाऱ्याला वाटलं असंल की हा माणूस तिथंच मोठा झाला. मलाही तसंच वाटत होतं. पण तिथं नुसती उंची वाढली. अक्कलदाढ उशिरा येते अन् येताना ठणकते, तशी माझी साठाव्या वर्षी आली, हळद शिजायच्या दिवसांत. म्हणून तेवढे पंधरा दिवस ह्याच वहीत लिहितो. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे, चुका काढायच्या त्यानं खुशाल काढाव्या. अक्षरात चूक काढून दाखवा म्हणावं.

हट्ट्यापासून पायी अर्ध्या घंट्यावर आमची वस्ती. घरात चौघं. मी, माझी बायको गया, मुलगा बालाजी अन् त्याची बायको शीतल. बालाजी टेम्पो चालवायचा. त्या दिवसांत हळदीच्या खेपा असायच्या, तो अंगाला पिवळा होऊन यायचा अन् त्याच्या अंथरुणालाही तोच वास मारायचा. घराचा दिवस आवाजांनी उगवायचा. आधी दावणीची शेरडं, मंग गयाचं खोकणं, मंग टेम्पोची घरघर, अन् त्या सगळ्याच्या खाली शीतलच्या भाकरीचा थपथप आवाज. कुरुंद्याची पोरगी, पण भाकरी अशी पातळ अन् गोल थापायची की काठ कुठं फुटलेला दिसायचा नाही. मी रोज फुटलेला काठ शोधायचो. लसणाची चटणी, अंबाडीची भाजी, वरून कच्चं तेल. जेवण चांगलं असलं की माझ्या मनात पहिला विचार यायचा, हिला आज काय मागायचंय?

शीतल लग्नाआधी कंप्यूटर शिकलेली. लग्नानंतर वर्षभर घरी राहिली, मंग वसमतच्या एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला लागली. बालाजीनं मला विचारलं तवा मी हो म्हणलो नाही अन् नाही म्हणलो नाही, नुसतं थुंकून आलो. फ्लेक्सच्या दुकानात! ज्या कापडानं माझ्या हातचं काम नेलं, त्याच्याच घरी माझी सून मजुरीला. चाळीस वर्षं मी ह्या भागातल्या भिंती लिहिल्या. दुकानाच्या पाट्या, शाळेचे सुविचार, ट्रकची पाठ, देवळाच्या पायऱ्या. फ्लेक्स आला अन् माझ्याकडं उरल्या पाण्याच्या टाक्या. टाकी कुणी गुंडाळून दुसरीकडं नेत नाही म्हणून.

आता ब्रशाचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दुकानातला ब्रश मी कधी वापरला नाही. आम्ही शेरडं-मेंढरं राखणारे, केसांना काय तोटा? बोकडाच्या पाठीवरचे केस रुंद ब्रशाला, शेरडाच्या कानामागचे मऊ केस बारीक ब्रशाला. केस उकळायचे, राखेत घोळायचे, फणीनं विंचरून टोकं एका बाजूला आणायची, दोऱ्यानं आवळायचं अन् तेलाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी ठोकायची. असा एक दोन बोटं रुंदीचा ब्रश अकरा वर्षं माझ्या हातात होता. त्याच्या खालच्या कडेला एक केस बाहेर सुटलेला. शिरोरेघ ओढली की रेघेच्या खाली, तांदळाएवढी जागा सोडून, दोऱ्यासारखी एक बारीक रेघ संगं चालायची. पहिल्या ब्रशाला असा केस निघाला तवा मी कापायला ब्लेड घेतलं होतं. करीम उस्तादानं हात धरला. म्हणले, "उसकू मत काट रे. वो तेरा गवाह है. कल कोई बोला ये काम मेरा है, तो वो बाल बोलेंगा." तेव्हापासून माझ्या प्रत्येक रुंद ब्रशाला मी एक केस सुटा ठेवला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

काम संपल्यावर रॉकेलमध्ये बुडवायच्या आधी मी ब्रश घराच्या मागच्या भिंतीवर पुसायचो. तीस वर्षांचे फटकारे त्या भिंतीवर. लाल, निळा, काळा, एकावर एक. गया म्हणायची, "भिंत हाय का कोंबड्याचं शेपूट?" पण पुसून टाका असं कधी म्हणली नाही.

एका संध्याकाळी जेवताना शीतल म्हणली, "मामा, कंप्यूटरमधी बी ब्रश असतेत."

मी हसलो. "केस कशाचे? उंदराचे?"

"केस नसतेत, पण दिसतेत. रंग सुकत आला की तुमची रेघ कशी फाटती शेवटाला, तशीच फाटती. तेलाचा ब्रश येगळा, पाण्याचा येगळा. आधी आमच्या दुकानात सगळी अक्षरं गुळगुळीत काढायचे. आता लोकाला हातानं काढल्यासारखं पाह्यजे म्हनत्यात."

"हातानं काढल्यासारखं पाह्यजे, तर हाताला काहून बोलवत न्हाईत?"

बालाजी खाली बघून जेवत होता. गयानं मला आणखी भाकरी वाढली. तिचा गप्प बस म्हणायचा तो प्रकार. शीतल म्हणली, "तसं न्हाई मामा, मी आपलं सांगितलं." अन् ताट उचलून गेली. मी तवाच मनात गाठ मारली. पोरगी फुकट काही सांगत नाही. खुळ्यासारखा मी हसलो, पण झोपताना माझ्या ध्यानात आलं, ती म्हणली होती 'तुमची रेघ.' माझी रेघ शेवटाला कशी फाटते हे हिला काय ठाऊक? हिनं मला काम करताना दोनदा तरी पाहिलं असंल का?

चार दिवसांनी सकाळी मी शेरडाला पाला आणायला मागं गेलो, तर शीतल त्या भिंतीसमोर मोबाईल धरून उभी. जवळ जाऊन, लांब जाऊन, वाकून. मी खाकरलो. ती दचकली.

"काय करून राहिली?"

"काही न्हाई मामा. रंग छान दिसत्यात." अन् पदर सावरून गाडीला उशीर झाला म्हणत निघाली.

रंग छान दिसतात! वर्षभर त्याच भिंतीला टेकून भांडी घासली, तवा रंग दिसले नाहीत. मी आत जाऊन ब्रशांचा डबा उघडला. सगळे होते. रुंद ब्रश नाकाला लावून पाहिला, कुणी दुसऱ्या तेलात बुडवला का म्हणून. नव्हता. तरी त्या दिवसापासून डबा मी उशाला घेऊन झोपायला लागलो. गया म्हणली, "सोनं हाय का त्येच्यात? का बोकड परत येनार हाय केस मागायला?"

मंग तो बॅनर आला. हट्ट्याच्या एका पोराची पोलिसात निवड झाली होती. स्टँडवर, दत्ताच्या चहाच्या टपरीच्या अगदी डोक्यावर, त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. पोराचा चेहरा गोरा करून लावलेला, खाली दहा-वीस शुभेच्छुकांची मुंडकी. त्यांचा माझा संबंध नाही. पण वर 'हार्दिक अभिनंदन' लिहिलं होतं ते पाहून मी सडकेच्या मधोमध उभा राहिलो. मागून ट्रॅक्टरवाला ओरडला तरी हललो नाही. अक्षर काळं, ब्रशाचं. शिरोरेघ डावीकडं भरलेली, उजवीकडं जाताजाता सुकलेली, शेवटाला केस-केस वेगळे झालेले. अन् रेघेच्या खाली, तांदळाएवढी जागा सोडून, एक बारीक दोरा.

माझा केस.

दत्ता टपरीतून म्हणला, "काय पेंटर, पुन्हा चालू केलं म्हना! कालधरनं लोक इचारून राहिले, हे काम तुमचंच ना? म्या म्हनलं, दुसऱ्या कुनाचं आसनार?"

बाकड्यावरचा एक म्हातारा म्हणला, "आरं, किसन पेंटरचा हात लपत न्हाई."

मला पाच वर्षांत असं कुणी म्हणलं नव्हतं. खरं सांगतो, आधी छाती भरून आली, अन् मंगच आग लागली. चहा फुकट पाजला दत्तानं, तो मी पिलो. अन् पिता पिता बोललो, "हात माझाच हाय. पन मी लिवलं न्हाई. माझ्याच घरातून चोरून नेलं. माझ्या सुनेनं माझा हात इकला त्या दुकानाला." टपरीवर सात-आठ माणसं होती. कुणी हसलं, कुणी चुकचुकलं. स्टँडवर बोललेली गोष्ट गाडीत बसून गावोगाव जाते, हे मला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. मला तेच पाहिजे होतं.

घरी मात्र मी बोललो नाही. आज विचार करतो, बोललो असतो तर तिनं दोन वाक्यांत सांगितलं असतं. पण संशय आला की विचारायचं नसतं, पाळत ठेवायची, असं मला वाटायचं. मेंढरात लांडगा शिरला का हे मेंढराला विचारत नाहीत. म्हणून मी बघत राहिलो. ती गोठ्याकडं जाऊन फोनवर हळू बोलते, बघितलं. मी आलो की मोबाईल पालथा ठेवते, बघितलं. बालाजीशी काही बोलून दोघं हसले, तेही बघितलं. तिच्या हातची भाजी खायची सोडली, नुसती भाकरी अन् मीठ. गयानं दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी म्हणली, "भाकरी बी तिचीच हाय. ती गोड लागती व्हय?"

मी म्हणलो, "तुला काही माहीत न्हाई."

"मला माहीत न्हाई ते तोंडानं सांगा. तुमचं तोंड काय रॉकेलात बुडवून ठिवलं का?"

त्याच आठवड्यात व्याही आले. शीतलचे वडील माधवराव अन् संगं त्यांचा धाकटा भाऊ. हळद शिजून वाळत आलेली, म्हणून जरा मोकळे झाले होते. माधवराव म्हणजे शांत माणूस, टोपी मांडीवर ठेवून बसणारा. शेजारचा बापूराव त्यांना भेटायला येऊन बसला. गयानं गव्हाची खीर केली, येसराची आमटी, भात, कुरडया. शीतल वाढत होती, बाप आला म्हणून तोंडावर हसू मावत नव्हतं. माधवरावांनी पहिला घास घेतला अन् सहज म्हणले, "आमची लेक आता वसमतला नाव काढून राहिली म्हणे. दुकानवाला म्हनला, तिच्यावानी अक्षर मांडनारं दुसरं कुनी न्हाई."

माझ्या हातातली कुरडई मोडली. म्हणलो, "अक्षर तिचं न्हाई. माझं हाय. तुमच्या लेकीनं माझ्या भिंतीचा फोटो काढून माझा हात त्या दुकानाला इकला. चोरी शिकवून पाठवली का तुमी?"

ते वाक्य बोललो तवा बाहेर एक शेरडू ओरडत होतं. ते थांबलं की काय, मला आठवत नाही. एवढं आठवतं की शीतलच्या हातात खिरीचा डाव होता अन् तो भांड्यात परत गेला नाही, खीर तिच्या पायावर पडत राहिली. माधवरावांनी ताटाभोवती पाण्याचं बोट फिरवलं, ताटाला हात जोडले, अन् भरल्या ताटावरून उठले. आमच्याकडं व्याही भरल्या ताटावरून उठला म्हणजे त्या घरचं पाणी तुटलं. भाऊही उठला. माधवराव लेकीला म्हणले, "चल." ती बालाजीकडं पाहायला वळली, पण बालाजी खेपेला गेला होता. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. पायातली चप्पल उलटी घालून ती बापामागं निघाली.

बालाजी आला, त्याला कळलं. तो माझ्यावर ओरडला नाही. म्हणला, "दादा, तुमी पाह्यलं का तिनं इकलं ते? डोळ्यानं?" मी म्हणलो, "बॅनर पाह्य." तो म्हणला, "मी बॅनरचं इचारत न्हाई." अन् टेम्पोत जाऊन बसला. दोन दिवस तो घरात जेवला नाही. गया चुलीशी बसायची, भाकरी थापायची, काठ फुटायचे. ती माझ्याशी शेरडामार्फत बोलायला लागली. "सांग गं तुझ्या मालकाला, पानी तापलंय."

तिसऱ्या दिवशी मी ब्रश धोतराच्या सोग्यात गुंडाळून वसमतला गेलो. मनात पक्कं होतं. दुकानात चोरी पकडायची, चार माणसांसमोर केस दाखवायचा, मंग कळंल सगळ्यांना. दुकानाचा मालक गजानन, पंचविशी-तिशीचा पोरगा. मी कोण हे सांगायच्या आधीच म्हणला, "काका, शीतलताई काहून येईनात? फोन बी बंद. काम तुंबलंय सगळं." मी म्हणलो, तेच बघायला आलो. तो हट्ट्याचा बॅनर काढ. त्यानं कंप्यूटरवर काढला. मी सोग्यातून ब्रश काढून टेबलावर आपटला. म्हणलो, "हा केस बघ, अन् तो केस बघ. आता बोल."

त्यानं दोन्ही बघितले. पोरगं घाबरलं नाही, त्याचा मला राग आला. उलट तोंड उघडं टाकून म्हणला, "आयला! खरंच की. ताई म्हनल्या होत्या." मंग त्यानं बाजूची एक यादी उघडली. तिच्यात ब्रशच ब्रश, शंभराच्या वर, प्रत्येकाचा एक छोटा फटकारा काढलेला. कोरडा, ओला, खडूसारखा, कुंच्यासारखा. म्हणला, "हे प्रोग्रामसंगच येतेत, काका. बाहेरच्या देशातले. आपुन न्हाई केलेले."

"खोटं बोलू नको. बाहेरच्या देशात माझा बोकड गेला व्हता का?"

त्यानं काळ्या पाटीसारखी एक चीज पुढं केली अन् प्लॅस्टिकची लेखणी हातात दिली. म्हणला, ताईंनीच घ्यायला लावली. तुमीच ओढून बघा. मी नाही म्हणत होतो, पण लेखणी हातात आली की बोटं आपोआप बसली. पाटीवर ओढायचं अन् बघायचं समोर, म्हणून पहिली रेघ भलतीकडं गेली. ना ओल, ना वास, ना केसाची ओढ. काचेवर नख फिरवल्यासारखं. पण पडद्यावर रेघ उमटली, अन् शेवटाला सुकत गेली, अन् खाली दोरा चालला. मी दुसरी ओढली. तिसरी ओढली. लिहायला लाज वाटते, पण मला ती रेघ आवडली. चवथी ओढली तवा हात थांबला.

मी म्हणलो, "ह्या चारी एकाखाली एक लावता येतेत का?"

त्यानं लावल्या. चारीत केस एकाच जागी सुटलेला. तांदूळभर खाली, सुरुवातीला जरा जाड, मधी तुटलेला, पुन्हा धरलेला. चारदा तुटला तो एकाच जागी तुटला. मी पाचवी अंगाचा जोर देऊन ओढली, सहावी हलक्या हातानं. रेघ कमी-जास्त रुंद झाली, पण केस तिथंच. गजानन म्हणला, "लाख येळा मारा, काका. तसाच येतो."

माझा केस तसा नव्हता. तो थंडीत ताठ व्हायचा, उन्हात वाकायचा. डावीकडं वळलं की रेघेत शिरायचा, उजवीकडं वळलं की लांब पळायचा. अकरा वर्षांत तो एकदाही दोनदा सारखा पडला नव्हता. हे मला बॅनरखाली उभं राहूनही दिसायला पाहिजे होतं, कारण त्या 'हार्दिक अभिनंदन'च्या दोन शिरोरेघांखाली दोरा एकाच जागी तुटला होता. तेव्हा मला फक्त केस दिसला. उस्तादाचा गवाह खोटं बोलला नव्हता, मीच त्याची साक्ष अर्धी ऐकली.

मी विचारलं, "मंग तिनं भिंतीचा फोटो कशाला काढला?"

गजानन म्हणला, "गिऱ्हाईक हट्ट्याचं होतं. ताई म्हनल्या, हट्ट्याच्या लोकायला आमच्या मामांच्या अक्षराची सवय हाय, तसाच ब्रश शोधू. दोन दिवस ह्या यादीत एकेक ब्रश ओढून मोबाईल शेजारी धरून बघत होत्या. मी म्हनलं, ताई, हा घ्या, चांगला हाय. तर म्हनल्या, न्हाई, मामांच्या ब्रशाचा एक केस सुटलेला असतो खालच्या अंगाला, तो येत न्हाई ह्यात. मंग शेवटाला हा सापडला त्यायला."

माझा पोटचा पोरगा तीस वर्षं त्या भिंतीसमोर खेळला, त्याला तो केस दिसला नव्हता. गयाला नाही. टपरीवर माझा हात ओळखणाऱ्या त्या म्हाताऱ्यालाही नाही, त्यानं नुसतं काळं अक्षर पाहिलं होतं. दुसऱ्याच्या घरची आलेली पोरगी, भांडी घासता घासता तिनं तो हेरला. तिथं बसल्याबसल्या माझा एक संशय गेला अन् दुसरा उगवला, तो स्वतःवरचा. तो काही आजवर पुरता गेलेला नाही.

वसमतहून मी घरी गेलो नाही, कुरुंद्याची गाडी धरली. पोचलो तवा दिवस कलला होता. माधवरावांच्या खळ्यावर वाळलेली हळद घासून चकचकीत करायच्या पत्र्याच्या ढोलात घातलेली, तो फिरत होता अन् त्याच्या खडखडाटात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. मला पाहून कुणी 'या' म्हणलं नाही. शीतल तोंडाला फडकं बांधून हळकुंडं निवडत होती. ढोल थांबला. मी तिच्यासमोर उभा राहून म्हणलो, "पोरी, मी दुकानावर जाऊन आलो. तू काही इकलं न्हाई." एवढंच आलं तोंडातून. 'माझं चुकलं' हे दोन शब्द तोवर माझ्या तोंडाला ठाऊक नव्हते.

तिनं फडकं खाली केलं. पिवळ्या तोंडावर डोळे तेवढे काळे. म्हणली, "मामा, मला नका सांगू. मला ठावच हाय मी इकलं न्हाई ते. तुमी हट्ट्याच्या स्टँडवर सांगितलं ना? माझ्या मावसबहिनीनं जिंतूरवरून अण्णांच्या मोबाईलवर फोन केला, तू सासऱ्याचं काय चोरलं गं म्हनून. जिथं सांगितलं तिथं सांगा."

माधवराव म्हणले, "शीतल, वडील मानूस हाय."

ती म्हणली, "म्हनूनच म्हनते, अण्णा. त्यायचं आईकतेत लोक." अन् फडकं वर ओढून पुन्हा हळद निवडायला लागली. मी शेवटच्या गाडीनं परत आलो.

वाचणाऱ्याला लागून राहील म्हणून आधीच सांगतो, हे लिहितोय तवा आत तिच्या भाकरीचा आवाज येऊन राहिला आहे. पण ती माझ्या गोड बोलण्यानं आली असं कुणी समजू नये. मला गोड बोलता येत नाही. अन् त्या रात्रीपर्यंत मी दुसरंच ठरवत होतो. दत्ताला बाजूला घेऊन कानात सांगावं, तो सांगंल लोकांना. नाहीतर चारसहा दिवस जाऊ द्यावे, बॅनर उतरला की बोलणंही उतरंल. कारण खरी अडचण मला ठाऊक होती. सून चोर नाही असं म्हणलं, की पुढचं वाक्य आपोआप येतं. मंग ते अक्षर तुमचं नाही तर. पाच वर्षांनी लोकांनी मला किसन पेंटर म्हणलं होतं, ते माझं मलाच खोडून टाकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो अन् गयाला न सांगता स्टँडवर गेलो. दत्ता स्टोव्ह पेटवत होता. बाकड्यावर पाच-सहा जण, परभणीच्या गाडीची वाट बघणारे. बॅनर डोक्यावर होताच. मी त्याच्याखाली उभा राहिलो अन् भिंतीवर लिहितो तेवढ्या मोठ्या आवाजात म्हणलो, "आईका. हे अक्षर माझं न्हाई. कंप्यूटरमधला तयार ब्रश हाय. माझ्या सुनेनं माझं काही इकलं न्हाई, काही चोरलं न्हाई. मी खोटं बोललो व्हतो. माझं चुकलं."

दत्ताच्या हातात काडी जळत राहिली. बाकड्यावर त्या दिवशीचा म्हाताराही होताच. म्हणला, "आरं किसन, मंग आमी उगंच तुझं कवतिक केलं म्हन की."

"उगंच केलं," मी म्हणलो.

"अन् कंप्यूटरचं अक्षर तुझ्यापेक्षा बरंच हाय म्हनायचं."

त्याच्यावर काय बोलायचं ते माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं अन् म्हणलो, "बरं हाय. जिनं निवडलं तिची नजर बरी हाय."

लोक हसले. दत्ता म्हणला, "झालं पेंटर, कळलं आम्हाला. बसा, चहा घ्या." मी बसलो नाही. गाडी आली, ऐकलेली माणसं चढून गेली अन् न ऐकलेली खाली उतरली. त्या दिवशी मी ज्यांच्यासमोर बोललो होतो, ती माणसं आज इथं असतील कशावरून? मी नव्या माणसांकडं तोंड केलं अन् पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मंग वसमतहून गाडी आली, तिच्यातल्यांना सांगितलं. दहा वाजेपर्यंत, जेवढ्या गाड्या थांबल्या तेवढ्या वेळा.